मार्था टिंडलचा गडहिंग्लज पाठ

पस्तीस वर्षं मी इंग्रजी साहित्य शिकवलं आणि तेवढ्या काळात एकाही उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं असे, "साहित्यात पैकीच्या पैकी देत नाहीत." का देत नाहीत, हे मला माझ्या सरांनी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पंधरापैकी नऊ म्हणजे हुशार. अकरा मिळाले की पोरं पेढे वाटत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाजारात भेटलेला माणूस आधी नमस्कार करतो आणि मग म्हणतो, "मॅडम, मला सात दिले होते तुम्ही."

अशा बाईच्या घरी डॉ. यामिनी पट्टेकर जेव्हा ताणकाटा घेऊन आली, तेव्हा खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. पण यामिनी आमच्याच कॉलेजची, आता कोल्हापूरच्या एका संशोधन संस्थेत मोठ्या हुद्द्यावर, आणि येताना तिनं माझ्यासाठी भडंग आणलं होतं. भडंग पाहिलं की माझी सावधगिरी तशीही संपते.

ताणकाटा आता कुणाला नवा नाही, तरी ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिसायला तो पोळ्यांच्या डब्याएवढा. कादंबरीतला प्रत्येक माणूस पहिल्या पानापासून आपल्या सवयी सांगत येतो. राग आला की कोण भांडी आपटतं, कोण गप्प बसतं, कोण कुणापुढे मान खाली घालतं. यंत्र या सवयींचे हजारो धागे सुटे करतं आणि प्रत्येक पानावर अंदाज बांधतं, की आता हा माणूस काय करील. अंदाज चुकला म्हणून ते लगेच तक्रार करत नाही, कारण माणसं चकवतातच. या चकव्याला मागेपुढे कुठे आधार आहे का, ते शोधतं. आधार मिळाला तर ताण उतरतो. कुठेच मिळाला नाही, तर तिथे लेखकानं पात्राचा हात पिरगाळलेला असतो. मग शून्य ते शंभर असा आकडा येतो.

त्याच्या पुढचं बटण "सैल". ते दाबलं की पिरगाळलेला हात सुटतो, बाकीचे धागे आपापल्या नव्या जागी बसतात आणि पाच मिनिटांत नवी कादंबरी तयार होते.

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचे हक्क कधीच संपलेले, त्यामुळे जग त्यांच्यावर तुटून पडलं. मोलकरणींनी नोकऱ्या सोडल्या, खलनायकांना बालपण मिळालं, आणि दोनशे वर्षं मुकाट चहा ओतणाऱ्या बायका भडाभडा बोलायला लागल्या. वर्गात मी उत्तराधुनिक कादंबरीची व्याख्या सांगायचे, की जुन्या कादंबरीच्या घरात मागच्या दारानं शिरायचं आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना विचारायचं, खरं काय झालं ते सांगा. एकेका लेखकाला त्यासाठी दहा-दहा वर्षं लागत. आता कुणीही बसल्या जागी करू लागलं. आमच्या गडहिंग्लजमध्ये तर लग्न जुळवताना पत्रिकेसोबत मुलाची हकीकतही ताणकाट्यावर घालू लागले. मुलगा म्हणाला, सिगारेट सोडली. ताण त्र्याऐंशी. मुलीकडचे उठले.

"मॅडम, ‘द लेडी ऑफ हॉलोबी’ आठवते?" यामिनीनं विचारलं.

माझ्या तोंडातलं भडंग तिथंच थांबलं.

आठवते म्हणजे! एका घड्याळजीच्या विधवेनं लिहिलेली सहाशे पानी कादंबरी. विलायतेत तिला कुणी विचारत नव्हतं, पण आमच्या अभ्यासमंडळातल्या कुणाला तरी ती कधी प्रवासात मिळाली आणि बारा वर्षं तीन जिल्ह्यांतल्या पोरांच्या डोक्यावर बसली. बाजारात प्रत मिळत नसे. मिळत असे ते मराठी स्पष्टीकरणासह छापलेलं गाइड, आणि ते गाइड लिहिलं होतं प्रा. सौ. मंदाकिनी शिंत्रे यांनी, म्हणजे मी.

"यंत्राला नुसती कादंबरी पुरत नाही," यामिनी सांगू लागली. "वाचकांच्या डोक्यात ती कशी उरली तेही लागतं. पण एकाच पुस्तकाबद्दल हजारो माणसांनी हातानं लिहून ठेवलंय, असं कुठे सापडणार? सापडलं. आपल्या विद्यापीठाच्या तळघरात. कुठल्याशा खटल्यामुळं त्या बारा वर्षांच्या उत्तरपत्रिका रद्दीत घालायच्याच राहिल्या होत्या. एकेचाळीस हजार! आम्ही सगळ्या यंत्राला वाचायला दिल्या. आणि मॅडम, यंत्र गोंधळलं."

"का गं?"

"कारण मूळ पुस्तकाचा शेवट एक आणि या सगळ्यांनी लिहिलेला शेवट दुसराच."

तो शेवट मला पाठ होता. मार्था टिंडल ही हॉलोबीच्या हवेलीतली स्वयंपाकीण. एकोणीस वर्षं इमानानं राबते, पण मालकिणीलाही चूक ती चूक म्हणून तोंडावर सांगते. शेवटाकडे मालकीण तिच्यावर चांदीचे चमचे चोरल्याचा आळ घेते. मार्था भर बर्फात घर सोडते. बंदराच्या गावी जाते आणि बेकरी टाकते. पुढे मालकीण कफल्लक होऊन दारात येते, तेव्हा मार्था काही न बोलता तिला आपल्या टेबलाशी बसवते आणि गरम पाव कापून देते.

"मुळात बेकरी नाहीच," यामिनी म्हणाली. "मुळात मार्था तिसऱ्या दिवशी परत येते, न केलेल्या चोरीची गुडघे टेकून माफी मागते आणि शेवटच्या पानावर थंडीनं मरते. त्या शेवटाचा ताण चौऱ्याण्णव. आणि तुमच्या गाइडातल्या शेवटाचा किती असेल? अकरा! यंत्रानं स्वतः केलेल्या एकाही शेवटाचा इतका कमी नाही. मॅडम, ताणकाट्याचा जन्म होण्याआधी तुम्ही एका इंग्रजी कादंबरीचं पुनर्लेखन केलंत, गाइडच्या वेषात ते घरोघर पोचवलंत, आणि एकेचाळीस हजार जणांनी ते खरं मानलं! माझी आई त्याच गाइडवर पास झाली. अजून सांगते, मार्थाची बेकरी म्हणून."

तिनं पुढचं सगळं ठरवूनच आणलं होतं. त्या शेवटासह कादंबरी जगभर निघणार. जुन्या पोथ्यांचे जसे पाठ असतात, तसं तिचं नाव "गडहिंग्लज पाठ". पुनर्लेखिका म्हणून माझं नाव. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, कॉलेजच्या सभागृहात समारंभ.

आता खरं सांगते. कॉलेजच्या ग्रंथालयातली ती एकुलती प्रत वाळवीनं खाल्लेली होती. शेवटची चोवीस पानं नव्हतीच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, नोकरीत नवी, आणि गाइडचा प्रकाशक रोज फोन करत होता, "मॅडम, जूनला कॉलेजं उघडतात, चार दिवसांत मजकूर पाहिजे." गावात एकच सायबर कॅफे, तिथं रेल्वेची तिकिटं काढत. मग मी विचार केला, की ही मार्था आता काय करील? आणि लिहून टाकलं. दुसऱ्या आवृत्तीत तपासून घेऊ म्हटलं. दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकानं फक्त मुखपृष्ठ बदललं.

हे सगळं मी यामिनीला त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ती "मॅडम, तुमची दृष्टी" म्हणत होती, आणि इतक्या वर्षांत माझ्या दृष्टीबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी पदर सावरला आणि म्हटलं, "तेव्हा आपलं सुचलं."

"एक गंमत दाखवते," यामिनी म्हणाली आणि तिनं भिंतीवर एक जुनं पान उमटवलं. "एकेचाळीस हजारांत फक्त एका उत्तरपत्रिकेत मूळ शेवट आहे. फक्त एका! बाकीच्यांनी मूळ वाचलं नसेल, किंवा वाचूनही गाइडच लिहिलं असेल. ही मुलगी बघा. गुडघे टेकणं, मरणं, मेल्यावर मालकीण हातात चमचा ठेवते ते, सगळं बरोबर. आणि खाली लिहिलंय, की लेखिकेनं हे चुकीचं केलं, मार्था अशी वागणार नाही. छत्तीस वर्षांपूर्वी एका पोरीनं हातानं ताण मोजलाय! आणि परीक्षकानं काय केलं बघा."

पंधरापैकी दोन. बाजूला लाल शाईत शेरा, "रीड द ओरिजिनल टेक्स्ट."

"मूळ वाचलेल्या एकमेव पोरीला म्हणतोय, मूळ वाच," यामिनी हसत होती. "कोण असेल हो हा दिवटा?"

त्या लाल शाईतल्या ‘टी’ची आडवी रेघ शेवटाला वर वळलेली होती. माझी ‘टी’ अजून तशीच आहे, दुधाच्या वहीतसुद्धा.

"चहा टाकते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

यामिनी यंत्र माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, समारंभापर्यंत वापरून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे, म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर विश्वंभर शिंत्रे, वामकुक्षीला गेल्यावर मी डबा समोर ओढला आणि माझी स्वतःचीच हकीकत त्याला सांगितली. काही वगळलं नाही. चारचौघांत कॉपी पकडलेली, आमदाराच्या पुतण्याला नापास केलेलं, वाळवी, गाइड, सगळं. आणि हेही, की पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादला एका चर्चासत्रात मला ‘हॉलोबी’ची अख्खी प्रत मिळाली, मी उभ्या उभ्या शेवट वाचला, मला घाम फुटला, आणि परत येऊन मी कुणाला काही बोलले नाही. पुस्तक अभ्यासक्रमातून जाऊन दोन वर्षं झाली होती. आता सांगून कुणाचं भलं होणार, असं मी स्वतःला समजावलं. अशी एक उत्तरपत्रिका आपल्या हातून गेलीय, असं तेव्हाच अंधुक आठवलं होतं. मी ते आठवणं बंद केलं.

यंत्रानं मिनिटभर घेतलं. गाइडात शेवट रचला, तिथं ताण सव्वीस. पोरीला दोन गुण दिले, तिथं एकोणीस. मला आश्चर्य वाटलं, पण बरोबर होतं. खरं माहीत नसताना मी दोनच देणार. हैदराबादहून येऊन गप्प बसले तिथं आकडा आला, सत्त्याण्णव. खाली नेहमीचं वाक्य, "या जागी पात्राकडून त्याच्या स्वभावाविरुद्ध वर्तन करून घेतले आहे."

"करून कुणी घेतलं रे मेल्या?" मी डब्याला म्हणाले. "मीच केलं की."

हे उठून आले होते. त्यांनी आकडा बघितला आणि चष्मा पुसला. "गाय लंगडते तेव्हा दुखणं खुरात असतं, आपण पाठीला तेल चोळतो," ते म्हणाले. "त्या पोरीचा पत्ता काढ."

उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक होता, तो आमच्याच कॉलेजचा निघाला, आणि आमच्या कार्यालयातलं एकही रजिस्टर आजवर कुणी फेकलेलं नाही. नाव निघालं, द्वारका लक्ष्मण गावडे, चंदगड तालुका. निकाल, इंग्रजीत चार गुणांनी नापास. त्यापुढे कॉलेजात तिची कसलीच नोंद नव्हती. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्जही नव्हता.

चार गुण! मी दिलेल्या दोनाच्या जागी सहा जरी दिले असते, तरी पोरगी पदवीधर झाली असती.

चंदगडकडे जाताना गाडीत मी माफीची चार वाक्यं घोकली. मनात मी तिला केव्हाच चुलीपुढे बसवलं होतं, डोळ्यांत धूर, हातात फुंकणी, माझ्यामुळे. गावाबाहेर मोठ्या शेडवर पाटी होती, "मार्था काजू". आत तीस-चाळीस बाया, चाळण्यांचा खडखडाट, भाजलेल्या काजूचा वास. मधोमध उभी राहून फोनवर कुणाला तरी फैलावर घेणारी जी पन्नाशी ओलांडलेली धिप्पाड बाई होती, तिनं मला बघितलं आणि फोन बंद केला.

"मॅडम," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं लावलासा की यायला."

मी घोकलेली चारही वाक्यं विसरले.

तिनं मला खुर्ची दिली, वाटीभर काजू पुढे ठेवले आणि स्वतः पोत्यावर बसली. मी सांगितलं, यामिनी यंत्र घेऊन आली, रविवारी समारंभ आहे, उत्तरपत्रिका सापडली, शेरा माझा होता, चूक माझी होती.

"शेरा तुमचा हे मला तवाच कळलं होतं. तीन वर्षं वहीवर तुमची लाल शाई बघत होतो न्हवं." आमच्या भागात बायका स्वतःबद्दलही आलो-गेलोच म्हणतात. द्वारका तसंच बोलत होती. "उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती मी. दोन गुणांचं काय वाटलं नाही हो. पण मूळ वाच म्हणून लिहिलासा, ते लागलं. मी ते पुस्तक कसं वाचलो, ठाऊक आहे?"

"कसं?"

"तुमच्यामुळं. गाइडात मार्थाची बेकरी दीड पानात संपली. मला वाटलं, मूळ पुस्तकात हे लई मोठं असणार. पाव कसा करती, गिऱ्हाईक कोण कोण येतंय, सगळं. म्हणून बेळगावला मावशीकडं ऱ्हायलो. तिथल्या जुन्या वाचनालयात कॅम्पातल्या साहेब लोकांनी टाकलेली पुस्तकं होती. अकरा दिवस डिक्शनरी घेऊन बसलो. शेवटाला आलो तर बेकरीच न्हाई! बाई गुडघं टेकून मरती. मी तिथंच रडलो बघा. ग्रंथपाल पाणी घेऊन आला."

"आणि मग परीक्षेत—"

"मग परीक्षेत काय लिहिणार? तुमचा शेवट चांगला होता, मॅडम. पण प्रश्न होता, कादंबरीचा शेवट सांगा. मी कादंबरीचा सांगितला."

पस्तीस वर्षं मी पोरांना ओरडून जे सांगत आले, ते तिनं एका वाक्यात केलं होतं आणि त्याबद्दल मी तिला नापास केलं होतं. मी विचारलं, "मग ऑक्टोबरला का नाही बसलीस?"

"आप्पा म्हणाले, बस. मी म्हटलं, चोरी केली न्हाई तर माफी मागायला परत कशाला जाऊ? मार्था गेली काय परत? तुमच्या मार्थाचं म्हणतोय मी, त्यांच्या न्हवे." ती हसली. "आमच्याकडं गव्हापेक्षा काजू लई. म्हणून बेकरीऐवजी हे."

मीही हसले. मला एकदम हलकं वाटलं, आणि हसण्याच्या त्याच भरात तिनं विचारलं, "पण तुम्हाला मूळ शेवट कधी कळला? परवा, ती यंत्रवाली आली तवा?"

हो म्हणणं सोपं होतं. वाटीत काजू होते, समोरचं माणूस हसत होतं.

"पंचवीस वर्षांपूर्वी," मी म्हटलं.

तिचं हसू गेलं. पलीकडे चाळण्या खडखडत होत्या आणि बाया अख्खे काजू आणि तुकडे वेगळे करत होत्या.

"पंचवीस वर्षं," ती म्हणाली. "एक पोस्टकार्ड टाकायचं हुतं की."

"लाज वाटली गं."

द्वारकानं पदरावरचा काजूचा चुरा झटकला. मग उठून तिनं पिशवीत काजू भरले. "हे तुमच्या डॉक्टरांना द्या. आणि समारंभाला मी येतोय. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी काय सांगणार न्हाई."

पिशवी हातात दिली, पण नमस्कार केला नाही. मला ते दिसलं. परतीच्या वाटेत मी एकही काजू खाल्ला नाही.

रविवारी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पास झालेले, नापास झालेले, सात मिळालेले, नऊ मिळालेले, सगळे आले होते. यामिनीनं पडद्यावर आकडे दाखवले, चौऱ्याण्णव आणि अकरा, टाळ्या पडल्या. विलायतेहून नव्या आवृत्तीच्या प्रकाशिकाबाई पडद्यावर हात हलवत होत्या. द्वारका चौथ्या रांगेत बसली होती, इरकल नेसून, हाताची घडी घालून.

मी ध्वनिक्षेपकापाशी गेले. आयुष्यभर लोकांना तोंडी परीक्षेत घाम फोडला, त्याचं व्याज आलं.

"मी पुनर्लेखन केलेलं नाही," मी म्हणाले. "वाळवीनं केलंय. शेवटची चोवीस पानं मी वाचलीच नव्हती. मी शेवट ठोकून दिला, तुम्ही तो पाठ केला, आणि ज्या एकीनं खरं लिहिलं तिला मी नापास केलं. पुढं खरं कळलं, तेव्हा पंचवीस वर्षं गप्प बसले. वाळवीचा दोष चोवीस पानांपुरता. बाकीचा माझा."

मग मागून एक म्हातारा आवाज आला, "म्हणजे मॅडम, तुम्हीपण गाइडच वाचून आलेला की!" आणि जो काही हशा उसळला, त्यानं पंखे हलले असतील.

मी भीतभीत यामिनीकडे बघितलं. आठ महिन्यांचं तिचं काम मी पाण्यात घातलं असणार. पण ती डोळे पुसत हसत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, जगातल्या निम्म्या जुन्या पोथ्यांचे पाठभेद वाळवीनंच केलेत. आता तर प्रस्तावना जास्त खपेल! फक्त ‘पुनर्लेखिका शिंत्रे’च्या खाली वाळवीचंही नाव घालावं लागेल." पडद्यावरच्या बाईंना तिनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्या आधी गोंधळल्या, मग त्याही हसल्या.

"नंतर घाला," मी म्हटलं. "आधी पुनर्मूल्यांकन. द्वारका गावडे, वर या."

ती आली. मी उत्तरपत्रिकेचं छापील पान टेबलावर पसरलं, लाल पेन काढलं, आणि सगळ्यांसमक्ष ते उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मोठ्यानं. तिचं इंग्रजी डिक्शनरीतून उचललेलं, जड, पण एकही ओळ खोटी नव्हती. शेवटचं वाक्य होतं, की मार्थाला परत आणणाऱ्या हाताला मार्था माहीत नव्हती. ते वाचताना माझा आवाज फुटला आणि मी तो फुटू दिला.

"चौदा द्याल," द्वारका शेजारून पुटपुटली. "मला ठाऊक हाय."

मी दोनावर काट मारली आणि पंधरा लिहिले. पंधरापैकी पंधरा. खाली सही केली. मग एकच गिल्ला, "आम्हाला का नाही? आम्हाला का नाही?" पन्नास-पन्नास वर्षांची माणसं बाकं बडवत होती. आमचे हे पहिल्या रांगेत उभे राहून शिट्टी वाजवत होते, जी मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

द्वारकानं पान दोन्ही हातांत धरून बघितलं. मग वाकून मला नमस्कार केला. तो राहिलेला नमस्कार. मी तिला उठवून जवळ घेतलं.

"आता तुमचं," ती म्हणाली.

"माझं काय?"

तिनं पिशवीतून माझं गाइड काढलं. पहिली आवृत्ती, कडा पिवळ्या, पाठीला काजूच्या पोत्याची चिकटपट्टी. शेवटचं दीड पान तिनं माझ्यापुढे उघडून धरलं, माझ्या हातातलं लाल पेन घेतलं, आणि टेबलावर वाकून ते पान शांतपणे वाचलं. जणू पहिल्यांदाच वाचत होती. तिनं समासात गुण लिहिले, खाली काहीतरी खरडलं आणि गाइड माझ्याकडे सरकवलं.

पंधरापैकी चौदा.

आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही गुणांनी मला इतका आनंद झाला नव्हता. तरी सवय जात नाही. मी विचारलं, "एक कुठं कापलास गं?"

द्वारकानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं ‘टी’ची रेघ मुद्दाम माझ्यासारखी वर वळवली होती.

"रीड द ओरिजिनल टेक्स्ट."